हातबनावटीचे दाढीचे साबण: आठ महिने, सहा डब्या

दिवाळीनंतर पहिली डबी उघडली, आता आषाढ संपत आलाय. एवढ्या काळात सहा वेगवेगळ्या छोट्या कारागिरांचे शेव्हिंग साबण आलटून पालटून वापरले. माझी दाढी राठ आहे, मानेवर केस भोवऱ्यासारखे फिरतात आणि नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत कामाची पहिली पाळी असली की पहाटे साडेपाचला दाढी उरकावी लागते. पण हा खटाटोप माझ्यासाठी सुरू झाला नाही, अण्णांसाठी झाला.

अण्णा, म्हणजे माझे वडील, 79 वर्षांचे. हात थरथरतो म्हणून गेल्या वर्षापासून बुधवारी आणि रविवारी त्यांची दाढी मी करतो. गाल सैल पडलेत, कातडी कागदासारखी झालीय, त्यात रक्त पातळ ठेवायची गोळी चालू. एकदा जबड्याखाली रेझर अडकला आणि एवढंसं कापलं, तर तुरटी फिरवून आणि कापूस दाबून धरूनही रक्त थांबायला वीस मिनिटं लागली. त्या दिवशी ट्यूबमधल्या क्रीमचा फेस भरपूर होता, अण्णांचा चेहरा पांढराशुभ्र झाला होता. तरी रेझर अडकलाच. तेव्हापासून मी फेस किती येतो हे बघायचं सोडलं आणि पातं किती सरकतं हे बघायला लागलो.

या दोन गोष्टी एकच आहेत असं आपण धरून चालतो, पण तसं नाही. फेस म्हणजे साबणाच्या पाण्यात कोंडलेली हवा. पातं हवेवर सरकत नाही, कातडीला लागून असलेल्या साबण-पाण्याच्या पातळ थरावर सरकतं. फुगून आलेल्या फेसात पाणी कमी असेल तर दिसायला डोंगर आणि खाली कोरडं. माझी तपासणी सोपी आहे. अंगठा आणि पहिलं बोट यांच्यात थोडा फेस घेऊन चोळायचा. बोटं भेंडीच्या रसासारखी बुळबुळीत लागली पाहिजेत, करकरली तर आणखी पाणी हवं. दुसरी कसोटी गालावरची. एक हात फिरवून झाला, फेस निघून गेला, आता नुसतं ओलं बोट लावून तिथूनच पुन्हा रेझर न्यायचा. चांगल्या साबणाचा निसरडेपणा फेस गेल्यावरही कातडीवर राहतो. अण्णांच्या हनुवटीखाली हेच कामाला येतं, कारण तिथे एका फटक्यात केस कधीच निघत नाहीत.

तुलना खरी व्हावी म्हणून रेझर एकच ठेवला (साधा दुधारी, तीन तुकड्यांचा), ब्लेड एकाच जातीचं आणि दर चौथ्या दाढीला नवं. ब्रश सिंथेटिक. डुकराच्या केसांचा ब्रश आमच्या घरात चालणार नव्हता, आणि सिंथेटिक लवकर वाळतो, पावसाळ्यात कुबट वास मारत नाही.

घरात चालण्या-न चालण्यावरून एक महत्त्वाची गोष्ट. परदेशी कारागिरांच्या साबणांत टॅलो सर्रास असतो. टॅलो म्हणजे गाईगुरांची चरबी. डबीवर सोडियम टॅलोएट किंवा पोटॅशियम टॅलोएट लिहिलं असेल तर तो तोच. दाढीसाठी तो उत्तम समजतात, पण देवपूजा करणाऱ्या माणसाच्या तोंडाला न सांगता तो लावणं मला पटलं नाही. लॅनोलिन मात्र मेंढीच्या लोकरीवरचं मेण, कातरलेल्या लोकरीतून निघतं, ते अण्णांना चाललं. साबणात घालतात ते स्टीअरिक ॲसिड (तेला-चरबीतलं एक आम्ल) वनस्पतीचंही असतं आणि चरबीचंही, त्यामुळे ते कशाचं आहे हे बनवणाऱ्याला विचारूनच घ्यायचं. मी सहाही जणांना विचारलं, सहाही जणांनी नीट उत्तर दिलं.

यादी वाचायची सवय लागल्यावर साबण न लावताच पुष्कळ कळायला लागलं. अंगाच्या साबणात कॉस्टिक सोडा असतो, त्याने वडी टणक होते. दाढीच्या साबणात त्याच्या जोडीला, किंवा त्याच्या ऐवजी, पोटॅश म्हणजे पोटॅशियम हायड्रॉक्साइड असतं. त्याचा साबण मऊ, पाण्यात पटकन विरघळणारा. स्टीअरिक ॲसिडमुळे फेस दाट होतो आणि टिकतो. खोबरेल तेलाने बुडबुडे झटपट येतात, पण त्याचं प्रमाण वाढलं की कातडी ओढल्यासारखी होते. एरंडेल आणि ग्लिसरिन ओलावा धरून ठेवतात.

आता पाणी. यावर मी दोन महिने फसलो, म्हणून सविस्तर लिहितो.

हिवाळ्यात लॅनोलिनवाला साबण इतका सुंदर चालला की मी तोच कायमचा ठरवून टाकला होता. एप्रिलमध्ये तोच साबण अचानक रुसला. तीस सेकंद ब्रश घासला तरी फेस बसायचा, वाटीच्या कडेला पांढरे कण चिकटायचे, रेझर खरखरायचा. साबण जुना झाला असं वाटून बनवणाऱ्याला तसं कळवलंही. चूक त्याची नव्हती. नळाला गंगापूर धरणाचं पाणी येतं तोवर सगळं ठीक असतं. उन्हाळ्यात ते कमी पडलं की आमच्या सोसायटीच्या टाकीत बोअरचं पाणी मिसळतात. आपल्याकडच्या काळ्या कातळातलं बोअरचं पाणी जड असतं, त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम. ते साबणाला धरतात आणि न विरघळणारा चोथा होतो, बादलीला पांढरा थर बसतो तोच. म्हणजे ब्रशवर घेतलेला निम्मा साबण फेस होण्याआधीच खर्ची पडतो.

मग एका रविवारी तीन वाट्या मांडल्या. एकीत नळाचं, एकीत बोअरचं, एकीत स्वयंपाकघरातल्या आरओचं पाणी. साबण तोच, ब्रश तोच, वेळ मोजून. आरओच्या पाण्यात फेस ताज्या कवडी दह्यासारखा, चकचकीत, ब्रश उचलला की टोक वाकणारा. नळाच्या पाण्यात जवळपास तसाच. बोअरच्या पाण्यात ताक फुटल्यासारखं पाणी वेगळं, कण वेगळे. तेव्हापासून दाढीला अर्धी वाटी आरओचं पाणी घेतो, तोंड धुवायला टाकीचं. कोणी लिंबूसत्त टाकायचा सल्ला देतात. फेसात ते टाकू नका, आंबटाने साबणच फुटतो. आरओ नसेल तर यादीत टेट्रासोडियम ईडीटीए असलेला साबण बघा, तो कॅल्शियमला धरून ठेवतो आणि साबण मोकळा राहतो. माझ्याकडच्या सहांपैकी दोघांत तो होता, आणि मे महिन्यात तेच दोघे टाकीच्या पाण्यात नीट चालले.

साबणांची नावं मुद्दाम देत नाही, कारण हे लोक थोडा थोडा माल करतात आणि कृतीत बदल करत असतात. आज वाईट निघालेला पुढच्या खेपेला चांगला असू शकतो.

बकरीच्या दुधाचा साबण पहिल्या महिन्यात मऊ आणि छान होता. मार्चमध्ये त्यावर नारिंगी ठिपके आले आणि खवट वास यायला लागला. तेल खराब होतं तेव्हा असं होतं. तो टाकून दिला. दालचिनीच्या तेलाचा एक होता, वास दरवळणारा, पण माझ्या मानेवर लाल चट्टे उठले. अण्णांना तो लावलाच नाही. पुदिन्याच्या अर्काचा उन्हाळ्यात गार वाटतो, निसरडेपणा बेताचा. चिकणमातीवाला (बेंटोनाइट) पहिल्या हाताला घसरतो, पण चेहऱ्यावर लवकर वाळतो, आणि नाशिकच्या मे महिन्यात पंख्याखाली दाढी करणाऱ्याला ते परवडत नाही.

राहिले दोन. लॅनोलिनवाला, आणि कोकमतेलाचा. कोकमतेल म्हणजे तेच, जे थंडीत टाचांच्या भेगांना लावतात. त्यात स्टीअरिक ॲसिड निम्म्याहून जास्त असतं, म्हणून दाढीच्या साबणात ते शोभतं. यादीत ते दुसऱ्या क्रमांकावर होतं. याचा फेस सगळ्यांत कमी फुगतो. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटेल, एवढाच? पण पाणी थोडं थोडं, बोटांनी शिंपडत वाढवलं की तो मलईसारखा होतो आणि रेझरचा आवाजच बदलतो. खरखर जाऊन बारीक, कुरकुरीत चरचर येते. पातं केस कापतंय आणि कातडीला लागत नाही, तेव्हाचा तो आवाज.

अण्णांची दाढी मी गॅलरीत, सकाळच्या उजेडात करतो. आधी गरम पाण्यात पिळलेला पंचा दोन मिनिटं तोंडावर. ब्रश भांडी बाजारातून आणलेल्या जुन्या पितळी वाटीत फिरवतो, मग गालावर गोल गोल. डाव्या हाताच्या बोटांनी कानाजवळची कातडी वर ओढून धरतो, रेझरचा भार नुसता त्याचाच, माझा दाब नाही. हनुवटीखाली ते स्वतः मान वर करतात आणि श्वास धरतात. कोकमाच्या साबणाने पहिल्यांदा केली तेव्हा तो भाग झाल्यावर त्यांनी डोळे उघडले आणि विचारलं, "झालं? लागलंच नाही की रे काही." त्यानंतर आजपर्यंत पंचवीस-सव्वीस दाढ्या झाल्या, एकदाही रक्त आलं नाही.

खर्चाचं म्हणाल तर डबीला साडेसहाशे रुपये पडले. दर महिन्याला स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करत होतो. एका दाढीला सव्वा ग्रॅमच्या आसपास साबण जातो, म्हणजे 100 ग्रॅमच्या डबीत ऐंशीच्या आसपास दाढ्या, दाढीला आठेक रुपये. ट्यूबपेक्षा महाग आहे. मला दाढी गुळगुळीत एवढंच हवं असतं, तर कदाचित मी ट्यूबवरच राहिलो असतो.

पावसाळ्यात एक काळजी घ्या. दाढी झाल्यावर डबीला लगेच झाकण लावू नका, साबण घामेजतो आणि वरचा थर चिकट होतो. मी ती खिडकीत उघडी ठेवतो आणि संध्याकाळी कामावरून आल्यावर झाकतो. कोकमवाली डबी आता तळाला आलीय. नवीन दोन मागवल्यात, आणि या वेळी बनवणाऱ्याला विनंती केलीय की अण्णांच्या डबीत सुगंध अजिबात घालू नका.