प्लांट मोबाइलवर हवाय: स्क्रीन शेअर, वेब क्लायंट की क्लाउड?

कंट्रोल रूमच्या पीसीची स्क्रीन जशीच्या तशी फोनवर घेणं सगळ्यात सोपं, आणि मला सगळ्यात कमी पसंत. मोठ्या मॉनिटरसाठी आखलेला मिमिक (प्लांटचं स्क्रीनवरचं चित्र) तळहाताएवढा आक्रसतो आणि बोट शेजारच्याच व्हॉल्व्हवर पडतं. शिवाय लॉगिन चोरीला गेलं, तर ऑपरेटरचे सगळे अधिकार त्याच्यासोबत जातात. 23 डिसेंबर 2015 रोजी युक्रेनमध्ये हल्लेखोरांनी चोरलेल्या पासवर्डांनी वीज वितरण कंपन्यांच्या यंत्रणेत शिरून ब्रेकर उघडले. सुमारे 2,25,000 ग्राहकांची वीज गेली.

स्काडाचा (प्लांटवर देखरेख आणि नियंत्रण ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरचा) वेब क्लायंट, म्हणजे ब्राउझरमध्ये उघडणारं त्याचं रूप, यापेक्षा बराच बरा. फोनसाठी वेगळी पानं करता येतात, माणसागणिक अधिकार ठरवता येतात, कोणी कुठला सेटपॉइंट (यंत्रणेला राखायला दिलेला आकडा) बदलला याची नोंद राहते. व्हीपीएन आणि ओटीपीसारखी दुसरी खातरजमा मात्र हवीच. घाई म्हणून पीएलसीचा (यंत्रं चालवणाऱ्या कंट्रोलरचा) 502 पोर्ट थेट इंटरनेटवर कधीही उघडू नका. त्या पोर्टवर चालणारा मॉडबस प्रोटोकॉल 1979 चा आहे, त्यात पासवर्ड ही गोष्टच नाही.

नुसतं पाहायचं आणि अलार्म मिळवायचा असेल, तर गेटवेमधून (प्लांटचं नेटवर्क इंटरनेटला जोडणाऱ्या उपकरणातून) क्लाउडवर रीडिंग पाठवणं उत्तम. त्यासाठी वापरला जाणारा एमक्यूटीटी प्रोटोकॉल 1999 मध्ये उपग्रहावरून तेलाच्या पाइपलाइनवर नजर ठेवण्यासाठीच तयार झाला, त्यामुळे कमकुवत नेटवर्कवरही तग धरतो. गेटवे स्वतः बाहेर जोडणी करतो, म्हणून आत येणारा पोर्ट उघडावा लागत नाही. परतीच्या आज्ञा गेटवेवरच बंद करून घ्या.

मोटर चालू-बंद करायची असेल तर? तिन्हीपैकी कशावरूनही नको. फोनला कन्व्हेअरखाली हात घातलेला फिटर दिसत नाही. त्यातून जॉगचं बटण (दाबून धरलं तेवढाच वेळ मोटर फिरवणारं) तर फारच वाईट: दाबल्याचा संदेश पोचतो, नेटवर्क जातं, सोडल्याचा पोचतच नाही, आणि पीएलसीत वॉचडॉग (संदेश थांबले की मोटर बंद करणारा टायमर) नसेल तर मोटर फिरत राहते. मर्यादेतला सेटपॉइंट बदलणं, अलार्म अॅक्नॉलेज करणं, इथपर्यंत वेब क्लायंटवर ठीक.

विक्रेता डेमो द्यायला येईल तेव्हा एक कराच. टाकीची पातळी स्क्रीनवर असताना फोन एअरप्लेन मोडवर टाका. काही सेकंदांत आकडा करडा झाला, शेजारी शेवटच्या रीडिंगची वेळ आली, तर पुढे बोला. आकडा तसाच हिरवा राहिला, तर मध्यरात्री भरून वाहणारी टाकीसुद्धा तुम्हाला तशीच हिरवी दिसेल.