लिनक्सवरचा म्युझिक प्लेअर निवडताना

लिनक्सवर म्युझिक प्लेअरची वाण कधीच नव्हती. उलट ते इतके आहेत की नवा वापरकर्ता गोंधळून जातो. बहुतेक जण दोन-चार प्लेअर उतरवून घेतात, दिसायला बरा वाटेल तो ठेवतात आणि बाकीचे काढून टाकतात. सगळे संगीत ऑनलाइन ऐकणाऱ्याला तेवढे पुरते. ज्याच्याकडे स्वतःच्या फाइलींचा मोठा संग्रह आहे आणि ज्याने वर्षानुवर्षे गाण्यांना पसंतीचे तारे देत, प्लेलिस्ट लावत तो सांभाळला आहे, त्याने मात्र रंगरूपाआधी एक गोष्ट तपासावी, असे माझे मत आहे : हे तारे, कोणते गाणे किती वेळा ऐकले याची मोजणी आणि इतर नोंदी प्लेअर नेमक्या कुठे साठवतो?

हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो, कारण लिनक्सवरील प्लेअर फार काळ एका जागी टिकत नाहीत. लिनक्सच्या केडीई या डेस्कटॉपचा अमारोक हा प्लेअर एके काळी सर्वांच्या आवडीचा होता, पण डिसेंबर २००८ मध्ये आलेल्या दुसऱ्या आवृत्तीत त्याचा चेहरामोहरा इतका पालटला की जुन्या १.४ आवृत्तीच्या चाहत्यांमधून क्लेमेंटाइन हा वेगळा प्रकल्प उभा राहिला आणि २०१० मध्ये वापरायला मिळाला. पुढे क्लेमेंटाइनही रेंगाळला. २०१६ नंतर बराच काळ त्याची नवी स्थिर आवृत्ती आली नाही, आणि २०१८ मध्ये त्यातून स्ट्रॉबेरी फुटून निघाला. उबुंटू या लिनक्सच्या लोकप्रिय प्रकाराने ११.०४ आवृत्तीत ऱ्हिदमबॉक्स या प्लेअरच्या जागी बॅन्शी आणला आणि १२.०४ मध्ये पुन्हा ऱ्हिदमबॉक्स बसवला. बॅन्शीचे काम त्यानंतर थंडावले. अमारोकची तिसरी आवृत्ती २०२४ मध्ये आली खरी, पण तोवर त्याचे बरेच जुने वापरकर्ते इतरत्र स्थिरावले होते. ज्या प्लेअरमध्ये आज आपण तारे देतो आहोत तो दहा वर्षांनी असेलच, असे धरून चालता येत नाही.

या कसोटीवर ऱ्हिदमबॉक्स मध्यम उतरतो. तो स्थिर आहे. पॉडकास्ट आणि इंटरनेट रेडिओ ही कामे निमूटपणे करतो आणि शिकायला काहीच लागत नाही. मात्र तारे आणि मोजणी तो एका एक्सएमएल फाइलीत ठेवतो, आणि त्या फाइलीत प्रत्येक गाण्याची ओळख म्हणजे त्याचा डिस्कवरील पत्ता. संग्रह दुसऱ्या फोल्डरमध्ये किंवा नव्या डिस्कवर हलवला की जुनी गाणी ‘हरवलेली’ म्हणून दाखवली जातात आणि तीच गाणी कोऱ्या पाटीने नव्याने दाखल होतात. ही फाइल साध्या मजकुराची असल्याने जाणकाराला पत्ते बदलून नोंदी वाचवता येतात. पण सामान्य वापरकर्त्याने एवढा खटाटोप का करावा?

स्ट्रॉबेरीला मी पहिला क्रमांक देतो. (त्याचे नाव फळावरून नव्हे, तर स्ट्रॉब्स या संगीतचमूवरून सुचलेले आहे, हे जाता जाता.) डावीकडे संग्रह, उजवीकडे प्लेलिस्टचे टॅब ही त्याची मांडणी जुन्या अमारोकच्या घराण्यातली आहे आणि सवय झाली की दुसरी आवडत नाही. टॅग (फाइलीतच लिहिलेली गाण्याची माहिती) सुधारणे, म्युझिकब्रेन्झ या ऑनलाइन माहितीसंग्रहावरून गाण्याची माहिती मिळवणे, मुखपृष्ठाचे चित्र शोधणे आणि फाइलींचे रूपांतर करणे ही सगळी कामे त्याच खिडकीत होतात. गाण्यांचे तारे शक्य तिथे थेट फाइलींच्या टॅगमध्ये लिहिण्याचा पर्याय त्याच्या संग्रहाच्या सेटिंगमध्ये आहे. संग्रह जोडल्याबरोबर, पहिला तारा देण्यापूर्वीच, हा पर्याय चालू आहे ना हे पाहून घ्यावे. त्रुटी सांगायची तर सेटिंगची खिडकी फारच भरगच्च आहे. कामाचा पर्याय कोणत्या पानावर दडला आहे, हे शोधण्यात वेळ जातो.

टॅगमध्ये लिहिले म्हणजे सगळे निर्धोक झाले, असेही नाही. एमपीथ्रीच्या आयडीथ्री टॅगमध्ये पसंती नोंदवण्याची अधिकृत जागा आहे आणि तिथे २५५ पर्यंतचा आकडा लिहिला जातो. पाचांपैकी चार तारे म्हणजे नेमका कोणता आकडा, हे मात्र प्रत्येक प्लेअर आपल्या मनाने ठरवतो. फ्लॅक या, आवाजाचा दर्जा न घटवणाऱ्या फाइलप्रकाराच्या टॅगमध्ये तशी ठरलेली जागाच नसल्यामुळे प्रत्येकाने आपापले नाव योजले आहे. परिणामी एका प्लेअरने लिहिलेले तारे दुसऱ्याला दिसतीलच असे नाही. पण निदान ते फाइलीबरोबर राहतात, आणि फाइल कुठेही नेली तरी पुढेमागे वाचता येतात.

या बाबतीत सर्वांत विचारपूर्वक केलेली सोय क्वॉड लिबेटमध्ये आढळते. पायथॉनमध्ये लिहिलेला हा प्लेअर दिसायला रुक्ष आहे, पण टॅगांवर त्याची पकड विलक्षण आहे. तारे आणि मोजणी टॅगमध्ये साठवताना तो सोबत आपण दिलेला ईमेल पत्ता जोडतो, त्यामुळे एकाच फाइलीत दोन श्रोत्यांची वेगवेगळी पसंती गुण्यागोविंदाने राहू शकते. शोधाच्या चौकटीत ‘गेल्या तीस दिवसांत न वाजलेली, अमुक तारखेआधीची, चारांहून अधिक तारे मिळालेली गाणी’ अशी अट लिहिता येते आणि हजारो फाइलींमधून यादी समोर येते. अट लिहिण्याची भाषा शिकावी लागते, हे खरे. ज्यांचा संग्रह लहान आहे त्यांनी त्या वाटेला जाण्याचे कारण नाही.

ज्यांना संग्रह, तारे वगैरे काहीच नको, फोल्डर उघडून गाणी लावायची आहेत, त्यांच्यासाठी ऑडेशस आणि डेडबीफ पुरेसे आहेत. ऑडेशस विनॅम्प या जुन्या प्लेअरची रूपेही धारण करू शकतो. ग्नोम म्युझिक आणि केडीईचा एलिसा दिसायला नेटके आहेत, पण मोठ्या, अस्ताव्यस्त संग्रहासमोर दोन्ही तोकडे पडतात.

‘अमुक प्लेअरचा आवाज अधिक गोड’ हा दावा वारंवार ऐकू येतो आणि बहुतेक वेळा तो निराधार असतो. फ्लॅक फाइल उलगडल्यावर मिळणारे आकडे कोणत्याही धड प्लेअरमध्ये तेच असतात. जाणवणारा फरक बहुधा आवाजाच्या पातळीचा किंवा चालू राहून गेलेल्या इक्वलायझरचा असतो. पाइपवायर ही लिनक्सवर आवाज हाताळणारी यंत्रणा मूळ सेटिंगमध्ये सर्व ध्वनी ४८ किलोहर्ट्झवर नेते आणि सीडीवरून घेतलेली गाणी ४४.१ किलोहर्ट्झची असतात, म्हणून त्यांचे रूपांतर होते, हे खरे आहे. ज्यांना ते टाळायचे असेल त्यांना स्ट्रॉबेरीमध्ये अल्सा या लिनक्सच्या मूळ ध्वनियंत्रणेमार्फत उपकरण थेट निवडता येते, मात्र मग गाणे चालू असताना इतर कार्यक्रमांचा आवाज त्याच उपकरणावर बंद पडू शकतो.

खरा फरक ऐकू येतो तो दोन ट्रॅकांच्या सांध्यावर. मैफलीचे सलग ध्वनिमुद्रण तुकड्यांत विभागलेले असेल, तर टाळ्यांच्या मधोमध पडणारी क्षणभराची शांतता कानाला टोचते. एमपीथ्री तयार होतानाच फाइलीच्या दोन्ही टोकांना थोडी रिकामी जागा भरली जाते. लेमसारखे एन्कोडर (एमपीथ्री बनवणारे कार्यक्रम) तिची नोंद फाइलीत करून ठेवतात, पण प्लेअरने ती वाचून जागा छाटली तरच सांधा जुळतो. फ्लॅकमध्ये ही अडचण मुळातच नाही. गाणी एकमेकांत विरघळवण्याची सोय आवडत असेल, तर स्ट्रॉबेरीमध्ये ‘एकाच अल्बमच्या ट्रॅकांमध्ये नको’ हा अपवाद निवडून ठेवावा, नाहीतर हेच सांधे उलट्या प्रकारे बिघडतात.

फ्लॅटपॅक या, कार्यक्रम बंदिस्त स्वरूपात पुरवणाऱ्या पद्धतीने प्लेअर घेणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावे. अशा प्लेअरला बऱ्याचदा फक्त संगीताचे नेहमीचे फोल्डर दिसते, त्यामुळे संग्रह दुसऱ्या डिस्कवर असेल तर तो रिकामाच वाटतो. दोष प्लेअरचा नसतो. फ्लॅटसील या परवानग्या बदलणाऱ्या कार्यक्रमातून त्या डिस्कची परवानगी दिली की काम होते.

एमपीडी हा या सर्वांपेक्षा वेगळा मार्ग आहे. तो पडद्यामागे चालणारा सर्व्हर असून त्याला चालवणारे कार्यक्रम निराळे असतात, त्यामुळे खिडकी बंद केली तरी गाणे थांबत नाही आणि दुसऱ्या संगणकावरून किंवा फोनवरून ते बदलता येते. स्पीकर जोडलेला एखादा संगणक कायम चालू ठेवणाऱ्यांसाठी याहून चांगली व्यवस्था नाही. पण त्यात तारे ‘स्टिकर’ नावाच्या वेगळ्या डेटाबेसमध्ये जातात, आणि त्याच्या फाइलीचा पत्ता कॉन्फिगरेशनमध्ये लिहिलेला नसेल तर तो डेटाबेस तयारच होत नाही.