आयसीयूत अँटिबायोटिक थांबवायचं ते कशाच्या आधारावर? अँटिजेन, पीसीआर पॅनेल की प्रोकॅल्सिटोनिन

महाराष्ट्रात पावसाळ्यात फ्लू वाढला की आयसीयूत एकच चित्र दिसतं: दम लागलेला रुग्ण, एक्स-रेवर दोन्ही फुप्फुसांत पांढरेपणा आणि आल्याआल्या सुरू झालेलं अँटिबायोटिक. सुरू करण्यावर वाद नाहीच. शॉकमध्ये (रक्तदाब कोसळलेला असताना) पहिला डोस तासाभरात गेलाच पाहिजे, रिपोर्टची वाट पाहायची नाही. खरेदी करायची ती थांबवण्याला मदत करणारी तपासणी.

साधं अँटिजेन किट, म्हणजे स्वॅबमध्ये व्हायरसचं प्रथिन शोधणारं, १५ मिनिटांत उत्तर देतं, मशीन लागत नाही. साथीच्या दिवसांत पॉझिटिव्ह आलं तर विश्वास ठेवा. निगेटिव्हला मात्र काडीची किंमत नाही, कारण अशा किटमधून फ्लूचे ३० ते ५० टक्के रुग्ण निसटतात. त्या भरवशावर ओसेल्टामिविर हे फ्लूचं औषध बंद करणं ही नेहमीची चूक.

बायोफायर कंपनीचं श्वसन पॅनेल, म्हणजे जंतूंची जनुकं शोधणारी पीसीआर तपासणी, सुमारे ४५ मिनिटांत २२ जंतू तपासतं. किट महाग आहे. पण त्या २२ मध्ये जिवाणू चारच, आणि न्यूमोकॉकस व स्टॅफिलोकॉकस ऑरियस, म्हणजे फ्लूमागोमाग येणारे दोन खरे शत्रू, त्यांत नाहीत. त्यामुळे ‘व्हायरस सापडला’ याचा अर्थ ‘जिवाणू नाही’ असा होत नाही. ऱ्हायनोव्हायरस तर सर्दी ओसरल्यावरही काही आठवडे दिसत राहतो. उलटही घडतं: नाकाचा स्वॅब निगेटिव्ह, व्हायरस फुप्फुसात. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाचा नमुना ट्यूबमधून ओढलेल्या स्रावाचा घ्या, आणि त्यासाठी त्याच कंपनीचं न्यूमोनिया पॅनेल वापरा. त्याला तासभर लागतो, ते जिवाणूंचं अंदाजे प्रमाण आणि प्रतिकाराची काही जनुकंही सांगतं.

रिपोर्ट लवकर आला म्हणून औषध कमी होत नाही, हे इंग्लंडमधल्या साउदम्प्टनमध्ये श्वसन पॅनेलवर झालेल्या अभ्यासात स्पष्ट दिसलं. ७२० प्रौढ रुग्ण होते, आयसीयूचे नव्हेत, दाखल होणारे. रिपोर्ट सुमारे ३७ तासांऐवजी २.३ तासांत मिळाला, तरी अँटिबायोटिक पॅनेलच्या गटात ८४ आणि नेहमीच्या गटात ८३ टक्क्यांना दिलं गेलं. फरक पडला तो इतकाच, की एकाच डोसवर किंवा थोडक्या काळात थांबलेले रुग्ण पॅनेलच्या गटात जास्त होते.

प्रोकॅल्सिटोनिन हे जिवाणूंच्या संसर्गात रक्तात वाढणारं प्रथिन. कुठला जंतू आहे ते ते सांगत नाही, पण थांबवण्याचा चांगला पुरावा त्याच्याच बाजूने आहे. नेदरलँड्समधल्या आयसीयूंच्या चाचणीत पातळी शिखरापासून ८० टक्के उतरली किंवा ०.५ मायक्रोग्रॅम प्रति लिटरवर आली, की थांबवण्याचा सल्ला होता. औषधाच्या दिवसांचा मध्यक (मधली संख्या) ७ वरून ५ वर आला आणि मृत्यू वाढले नाहीत. सुरू करायचं की नाही हे ठरवायला मात्र ते वापरू नका. मोठी शस्त्रक्रिया, भाजणं, किडनी निकामी होणं यांतही ते वाढतं.

एकच घ्यायचं असेल तर आमचं मत प्रोकॅल्सिटोनिनला. पैसे असतील तर जोडीला न्यूमोनिया पॅनेल. कल्चर, म्हणजे नमुन्यातले जिवाणू वाढवून पाहण्याची तपासणी, पहिल्या डोसच्या आधी घ्या. ४८ तासांनी व्हायरस पॉझिटिव्ह, कल्चर निगेटिव्ह, प्रोकॅल्सिटोनिन कमी आणि ऑक्सिजनची गरज उतरती असेल, तर बंद करा. सुधारून चौथ्या-पाचव्या दिवशी पुन्हा बिघडला तर स्टॅफिलोकॉकस समजा आणि नव्याने कल्चर पाठवा.

पॅनेल फुकट जातं ते बहुधा रात्री: रिपोर्ट दोनला सिस्टिमवर येतो आणि सकाळच्या राउंडपर्यंत कुणी उघडत नाही. लॅबने ड्युटीवरच्या रेसिडेंट डॉक्टरला फोन करायचा आणि ४८ तासांची वेळ पहिल्या डोसलाच चार्टवर लिहायची, हे मशीन येण्याआधी ठरवून घ्या.