पेल्टियरचा कूलर-बॉक्स : होळी ते संक्रांत, यावलच्या मळ्यात

आबांच्या इन्सुलिनसाठी मळ्यातल्या घरी बारा व्होल्टचा छोटा कूलर-बॉक्स घेतला. याला कॉम्प्रेसर नाही, आत पेल्टियर मॉड्यूल असतं : वीज सोडली की त्याची एक बाजू गार, दुसरी गरम होते. लाईटचा भरवसा नाही, म्हणून सोलरच्या बॅटरीवर चालेल असंच काहीतरी हवं होतं. होळीला घेतला, आता संक्रांत येतेय.

थंड किती करतो? बाहेरच्यापेक्षा १५ ते २० अंश कमी, बस. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ ला टेकतो, तेव्हा आत २६-२७. वापरात असलेल्या पेनला तेवढं चालतं. न उघडलेल्या पेनांना २ ते ८ अंश लागतात. ती गावातल्या फ्रीजमध्येच ठेवा, या डब्याच्या नादी लागू नका. धाब्याच्या खोलीत ठेवलात तर मात्र पत्र्याखालच्यापेक्षा बराच बरा चालतो.

गंमत अशी, की उन्हाळाभर रात्रंदिवस चालून त्याला काही झालं नाही. मोडला तो पावसाळ्यानंतर, हवा गार असताना. आधी करंट चार अँपिअरवरून तीनच्या खाली आला, मग अधूनमधून बंदच. माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे, मीटर घरचाच. मॉड्यूल काढून उकललं, तर त्याच्या दोन चकत्यांमधल्या बारीक खुंट्यांपैकी कोपऱ्यातल्यांचं सोल्डर तडकलेलं.

मॉड्यूल टीईसी१-१२७०६ मॉडेलचं होतं : ४० मिलिमीटरच्या दोन सिरॅमिक चकत्या, मधे बिस्मथ टेल्युराइडच्या १२७ जोड्या, म्हणजे २५४ खुंट्या, प्रत्येक जेमतेम दीड मिलिमीटर उंच. बिस्मथ टेल्युराइड अंशामागे दहा लाखांत साधारण १६-१७ भाग फुगतं. तांबंही तेवढंच, त्यामुळे त्या दोघांचं जमतं. अ‍ॅल्युमिना सिरॅमिक फुगतं सातच्या आसपास. त्यात एक चकती गार, दुसरी ४० अंशांनी गरम. म्हणजे गरम चकती मिलिमीटरच्या शंभराव्या भागाने मोठी होते. ऐकायला काहीच नाही, पण मधल्यापेक्षा कोपऱ्यातल्या खुंट्या जास्त तिरक्या ओढल्या जातात, आणि हा पदार्थ थरांचा, ठिसूळ. थरांच्या आडव्या-उभ्या दिशेत त्याचं फुगणंही सारखं नाही. बैलगाडीच्या चाकावर धाव चढवताना लोहार जो गुण वापरतो, तोच इथे मुळावर उठतो.

मग उन्हाळ्यात कसा टिकला? तेव्हा थर्मोस्टॅटचा आकडा कधी गाठलाच जात नव्हता, डबा अखंड चालू, खुंट्या एकदा ताणल्या की तशाच. गारव्यात आकडा पटकन गाठायचा आणि रिले कट. वीज तुटली की हीटसिंकची, म्हणजे गरम बाजूच्या धातूच्या पंख्यांची, उष्णता मॉड्यूलमधूनच उलटी आत येते, काही मिनिटांत ताण सुटतो, पुन्हा चालू, पुन्हा ताण. दिवसभर हेच. व्हॉयेजर अंतराळयानांवरची सिलिकॉन-जर्मेनियमची थर्मोकपल्स, म्हणजे उलट उष्णतेपासून वीज करणाऱ्या अशाच जोड्या, १९७७ पासून वीज देताहेत. त्यांना हजारभर अंशांची उष्णता आहे, पण ही चालू-बंद नाही.

नवं मॉड्यूल दोन-अडीचशेत मिळालं. थर्मोस्टॅटचा कट काढून टाकला आणि गारव्यात बक कन्व्हर्टरने (व्होल्टेज उतरवणारं सर्किट) नऊ व्होल्टवर अखंड ठेवतो. बॅटरी थोडी जास्त खातो, पण करंट अजून जागचा हललेला नाही. बसवताना स्क्रू समोरासमोरचे, थोडे थोडे आवळा. एका बाजूने आवळलंत तर चकती तिथेच चिरते. पंख्याच्या जाळीत कापसाचे तंतू अडकतात, वेचणीच्या दिवसांत आठवड्याला ब्रश मारावा लागतो. कंपनीने वॉरंटीत पंखा धरलाय, मॉड्यूल नाही.