स्टीमचं कॅप्सूल: चित्रकाराकडून की गेममधूनच?

पहिला गेम स्टीमवर, म्हणजे कॉम्प्युटर गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानात, आणणारी मैत्रीण अडली होती: कॅप्सूलसाठी (दुकानात गेमची ओळख म्हणून दिसणाऱ्या, नाव असलेल्या चित्रासाठी) चित्रकाराला पैसे द्यावेत, की गेममधलंच दृश्य वापरावं?

खर्चात दुसरा पर्याय सरळ जिंकतो. पण खरी परीक्षा छोट्या कॅप्सूलची. ४६२ × १७४ पिक्सेलची ही पट्टी यादीत आणखी बारीक दिसते, आणि स्क्रीनशॉटमधली गर्दी तिथे नुसता रंगांचा काला होते. चांगला चित्रकार एकच आकृती ठळक करतो, नावाला जागा सोडतो. ६०० × ९०० च्या उभ्या चित्रासाठीही तो वेगळी मांडणी करतो. आडवं दृश्य कापलं तर नायकच अर्धा जातो. प्रामाणिकपणात मात्र गेममधलं चित्र सरस: गेम जसा आहे तसाच दिसतो.

गेमचं पिक्सेल आर्ट (बारीक चौकोनी ठिपक्यांनी केलेलं चित्र) मुळातच देखणं असेल तर स्वतः करा, नाव मोठं ठेवा. कथाप्रधान गेमला चित्रकारच हवा.