गिझरचा व्हॉल, कोरडी फरशी आणि माझे १४,४४८ रुपये

आधी रक्कम सांगतो, कारण तीच सांगायची मला महिनाभर लाज वाटत होती. १४,४४८ रुपये. त्यातले ३९९ ‘व्हिजिट चार्ज’ म्हणून फोनवर गेले आणि उरलेले १४,०४९ मी माझ्याच बाथरूमच्या दारात उभा राहून स्वतःच्या हाताने पाठवले. कुणी ओटीपी मागितला नाही, लिंक पाठवली नाही, डिजिटल अरेस्टची धमकी दिली नाही. ते सगळे प्रकार मला तोंडपाठ होते. त्यातलं काहीच घडलं नाही, म्हणून तर मी निर्धास्त राहिलो.

मी लातूरचा. जिल्हा परिषदेच्या शाळेत ३४ वर्षं शिकवून निवृत्त झालो. घरी मी, पत्नी आणि ८२ वर्षांची आई.

रविवार, १४ डिसेंबर २०२५. सकाळी आईने हाक मारली, “अरे, गिझर गळायलाय बघ.” गिझरच्या खाली थंड पाण्याच्या पाइपावर छोटी दांडी असलेला पितळी व्हॉल असतो, त्याच्या तोटीतून पाणी ठिबकत होतं. मी खाली तांब्या ठेवला. पाणी तापेपर्यंत तो जवळजवळ अर्धा भरला.

बाहेरच्यांना हे क्षुल्लक वाटेल. पण आम्ही २०१६ काढलेली माणसं आहोत. मांजरा धरण कोरडं पडलं होतं, पाण्याच्या ठिकाणी भांडणं होऊ नयेत म्हणून जमावबंदी लागली होती, आणि एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आलं तेव्हा पहिल्या गाडीत ५ लाख लिटर होतं. आमच्या घरात तेव्हापासून भाजी धुतलेलं पाणीसुद्धा कुंडीत जातं. नळाला पाणी आजही रोज येत नाही. अशा घरात थेंब थेंब पडताना बघवत नाही. म्हणून मी घाई केली. मूर्खपणा म्हणा हवं तर, पण कारण हे होतं.

आमचा नेहमीचा प्लंबर नात्यातल्या लग्नाला मुखेडला गेला होता. फोनवर म्हणाला, “सर, गुरुवारपस्तोर काय येत नाही मी.” मग मी मोबाइलवर गिझरच्या कंपनीचं नाव टाकून कस्टमर केअरचा नंबर शोधला. सगळ्यात वर आला तो लावला. खरा नंबर गिझरच्या अंगावरच्या स्टिकरवर होता. वॉरंटी कार्डावरही होता आणि ते कार्ड कपाटात, विजेच्या बिलांच्या फायलीत होतं. चार पावलांवर. कुठल्याही कंपनीचा नंबर इंटरनेटवर शोधू नका, वस्तूवर छापलेला असतो.

बाई गोड बोलल्या. कंपनी विचारली, पत्ता विचारला. मॉडेल विचारलं नाही, सिरियल नंबर विचारला नाही, कधी घेतला तेही विचारलं नाही. खरी कंपनी आधी तेच विचारते, वॉरंटी आहे की नाही बघायला. ३९९ पाठवले आणि दीड तासात माणूस दारात हजर. लातुरात, रविवारी, दीड तासात! एरवी कंपनीचा माणूस तीन-तीन दिवस येत नाही. मला तर कौतुकच वाटलं.

अंगात कंपनीच्या नावाचा टी-शर्ट, पाठीवर बॅग, हिरव्या रंगाचं छापील पावतीपुस्तक. वय तिशीच्या आत. आईला वाकून नमस्कार केला. गिझरला बाहेरून टेस्टर लावला आणि म्हणाला, “काका, व्हॉल तर गेलाच आहे. पण आतला पाणी तापवणारा एलिमेंट क्षाराने भरलाय, टाकी गंजू नये म्हणून असतो तो अ‍ॅनोड रॉड संपलाय. आजी इथेच आंघोळ करतात ना? पाण्यात करंट उतरू शकतो.” हे वाक्य बरोबर लागलं. बोअरच्या जड पाण्याने एलिमेंटवर पांढरा थर बसतो हे मलाही माहीत आहे, म्हणून ते खोटं वाटलं नाही. अर्धं खरं सांगून घाबरवतात. आई, लहान मूल, करंट, गॅस हे शब्द आले की त्या दिवशी काम करूच नका. एमसीबी म्हणजे बोर्डावरचा विजेचा खटका पाडा आणि चुलीवर पाणी तापवा.

पावती अशी: व्हॉल २,८५०, एलिमेंट ३,४००, अ‍ॅनोड रॉड १,९५०, थर्मोस्टॅट १,२००, क्षार काढणे १,५००, मजुरी ६५०, वर्षभराची एएमसी (देखभालीचा करार) २,४९९. बेरीज १४,०४९. बेरीज मीच तपासली. मुलांना आयुष्यभर गणित शिकवलं आणि तिथे बेरीजच तपासत बसलो.

मग त्याने मला गच्चीवर पाठवलं. “टाकीचा कॉक बंद करून तिथेच थांबा काका, मी फोन केला की उघडा.” पत्नी स्वयंपाकघरात चहा करत होती, आई पुढच्या खोलीत. मी २० मिनिटं गच्चीवर उभा. फोन आला, कॉक उघडला, खाली आलो. व्हॉलवर पांढरी टेफ्लॉन टेप गुंडाळलेली, ठिबकणं बंद. दारात वर्तमानपत्रावर जुना काळवंडलेला एलिमेंट आणि झिजलेला रॉड, “हे बघा तुमचे.” कुणाचे होते देव जाणे.

आणि फरशी कोरडी होती.

हे मी रात्री दोन वाजता उठून आठवतो. आमचा गिझर २५ लिटरचा. एलिमेंट आणि रॉड काढायचे तर आधी टाकी रिकामी करावी लागते. नुसता खालचा व्हॉल खोलला तरी त्या तोंडातून पाणी धो धो खाली येतं. २५ लिटर म्हणजे आमच्या दोन बादल्या. दोन्ही बादल्या कोपऱ्यात एकावर एक पालथ्या होत्या, सकाळी मी ठेवल्या तशाच. आंघोळीचा मगही आपल्या जागी. आईची चौकी कोरडी, खालची जाळी कोरडी. डिसेंबरात ओली फरशी वाळायला तास लागतो. तांब्याभर पाण्याचा हिशेब ठेवणारा मी त्या कोरड्या फरशीवर उभा होतो आणि मला वाटलं काय, तर पोराने केवढ्या सफाईने काम केलं, थेंब वाया घालवला नाही. तसं मी त्याला बोलूनही दाखवलं. “मुंबई-पुण्याकडच्यांना पाण्याची किंमत नसते, तुला आहे,” असं म्हणालो. चहा दिला, वर बाकरवडी दिली.

दुसरी खूण पैसे देताना. क्यूआर कोडवर कंपनीचं नाव नव्हतं, एका माणसाचं होतं. मी विचारलं, अगदीच डोळे मिटून नाही दिले. म्हणाला, “सीनियरचं खातं आहे काका, रविवारी कंपनीचं मशीन बंद असतं.” यूपीआय रविवारीही चालतं, हे मला कळत नव्हतं का? पण काम तर झालं होतं, पाणी थांबलं होतं, माणूस घरातला चहा प्यालेला. अशा माणसाला ‘थांब, देत नाही’ म्हणायला जीभ वळत नाही. यांचा सगळा धंदा आपल्या या भिडेवर चालतो. भीड सोडा. स्क्रीनवर वेगळं नाव दिसलं की तिथेच हात आवरा.

शुक्रवारी, १९ तारखेला, आमचा प्लंबर अंगणातल्या नळासाठी आला. सहज गिझरकडे बघितलं आणि थांबला. “सर, ह्यो व्हॉल कुणी हात लावला?” मी अभिमानाने पावती दाखवली. त्याने काही न बोलता आधी एमसीबी पाडला आणि गरम पाण्याचा नळ सोडून दिला. मग टेप नखाने सोलली. खाली तोटीच्या भोकात एम-सील, म्हणजे गळती बुजवायची लुकण, भरलेलं. राखाडी, दगडासारखं घट्ट, वर अंगठ्याचा ठसा उमटलेला. व्हॉल जुनाच. गिझरच्या खालच्या झाकणाच्या स्क्रूंवर चार वर्षांचा गंज तसाच, पेचकस लागल्याची खूण नाही. एलिमेंट नाही, रॉड नाही, काही नाही. १४,४४८ रुपयांत चिमूटभर एम-सील आणि वीतभर टेप.

“सर, गळू द्या, पण हे भोक बुजवायचं नसतंय,” तो म्हणाला. त्याने जे समजावलं ते सगळ्यांनी वाचा, कारण पैशापेक्षा हे मोठं आहे. पाणी तापलं की फुगतं. २५ लिटर पाणी थंडीतून कडक गरम होईपर्यंत साधारण अर्धा लिटर वाढतं. पूर्वी ते वाढलेलं पाणी पाइपातून मागे गच्चीवरच्या टाकीकडे सरकायचं. दिवाळीत आम्ही प्रेशर पंप बसवला, सोबत नॉन-रिटर्न व्हॉल आला, तेव्हा मागचा रस्ता बंद झाला. थंडी वाढली, गिझर जास्त वेळ चालू राहू लागला आणि वाढलेलं पाणी त्या तोटीतून बाहेर येऊ लागलं. तोटी त्याचसाठी असते. म्हणजे माझा व्हॉल बिघडलेलाच नव्हता! पाणी तापताना ठिबकलं तर व्हॉल काम करतोय. गिझर बंद असतानाही ठिबकत राहिलं, तर आत कचरा किंवा क्षार अडकलाय किंवा पाण्याचा दाब जास्त आहे. तेव्हा दांडी वर उचलून पाणी सोडून बघायचं, नाही थांबलं तर व्हॉल बदलायचा. तोटी मात्र कधीच बंद करायची नाही. दाबाला वाट राहिली नाही तर टाकी फुटू शकते.

पाच दिवस माझी आई त्या बुजवलेल्या व्हॉलच्या गिझरखाली बसून आंघोळ करत होती. पैसे गेले त्याचा राग एक, हा दुसरा. हा जात नाही.

नवा व्हॉल ३८० रुपये, मजुरी २००. एकूण ५८०. व्हॉल काढताना पाणी कसं कोसळलं ते मी डोळ्यांनी पाहिलं, दोन्ही बादल्या भरल्या.

मग फेऱ्या सुरू झाल्या. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला, त्यांनी १२ आकडी व्यवहार क्रमांक घेतला, तक्रार नोंदली. पाच दिवस उलटले होते, पैसा पुढे निघून गेला होता. फसलात असं वाटलं तर त्याच तासात १९३० लावा, लाजून बसू नका. बँकेत गेलो. तिथे उत्तर मिळालं की तुम्ही स्वतः पिन टाकलात, आम्ही काय करणार. मी रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक छापून नेलं होतं. ते तुमच्या परवानगीशिवाय झालेल्या व्यवहारांसाठी आहे म्हणाले. कागदावर त्यांचं बरोबर आहे. पण माणूस समोर उभा आहे, निदान पैसे ज्या बँकेत गेले तिला तरी लगेच कळवा! “मेल टाकलाय, सर.”

पोलीस ठाण्यात म्हणाले, पैसे ऑनलाइन गेले, सायबरकडे जा. सायबरला म्हणाले, माणूस घरी येऊन गेला, चहा पिऊन गेला, हा सायबर कसा? ठाण्यात जा. परत ठाण्यात. तिथे आता, “काम तर करून घेतलंत ना? दिवाणी बाब आहे, ग्राहक मंचात जा.” खोटं सांगून पैसे काढणं दिवाणी कसं? पूर्वीचं ४२०, आज भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८, सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. मी पुस्तक घेऊन गेलो होतो. एक जण म्हणाला, “सर, तुम्ही शिकलेले माणसं.” पुढचं बोलला नाही, पण मला पुरलं. शिकलेल्याची तक्रार घ्यायची नसते का?

सगळ्यात जास्त जळतं ते हे. आमच्या समोरच्या किराणा दुकानाच्या कॅमेऱ्यात तो माणूस, त्याची मोटारसायकल, नंबरासकट. मी पहिल्याच दिवशी सांगितलं, कॅमेऱ्यात १५ दिवसांचंच राहतं, लवकर घ्या. रोज सांगितलं. दुकानदार म्हणाला, पोलिसांनी मागितलं की देतो. ३० तारखेला एक शिपाई आला. १४ तारखेचं २९ लाच पुसलं गेलं होतं. तुमच्यावर अशी वेळ आली तर कुणाची वाट बघू नका, दुकानदाराच्या हातापाया पडा पण त्याच दिवशी मोबाइलमध्ये उतरवून घ्या.

कंपनीने सांगितलं, तो आमचा माणूस नाही. आणि बाहेरच्याने व्हॉलला हात लावला, तेव्हा टाकीच्या वॉरंटीचं बघावं लागेल. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार क्रमांक मिळाला, पण तक्रार लावायची कुणाविरुद्ध? त्या माणसाचं खरं नाव मला माहीत नाही. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या दाव्याला फी नाही, पण प्रतिवादीचा पत्ता लागतो.

ठाण्यात तक्रार घेत नसतील तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे तीच माहिती पोलीस अधीक्षकांना लेखी, पोस्टाने पाठवता येते. मी ५ जानेवारीला स्पीड पोस्टाने पाठवली. पोच आली आहे, उत्तर नाही.

लातूर, उदगीर, अहमदपूर, धाराशिव या भागात गिझर, आरओ किंवा वॉशिंग मशीनसाठी कुणाकडे असा माणूस येऊन गेला असेल, तर आधी तोटी तपासा, आत्ताच. मग पावती बघा: हिरवं पुस्तक, खाली इंग्रजीत ‘अ‍ॅथोराइज’ असं चुकीच्या स्पेलिंगने छापलेलं, एएमसी २,४९९. अशी पावती असेल तर ती आणि व्यवहार क्रमांक जपून ठेवा आणि मला कळवा. एकट्याचा अर्ज फायलीत पडतो. दहा पावत्या घेऊन दहा जण गेलो तर दिवाणी बाब म्हणून परत पाठवणं त्यांना जड जाईल. माझी तयार आहे.