चाळिशीनंतर गाणं शिकायचंय: क्लास, ऑनलाइन शिकवणी, कराओके की भजनी मंडळ?

मोठेपणी गाणं शिकायला निघालेल्या माणसाचे दोन प्रश्न ठरलेले असतात. मला गळा आहे का? आणि या वयात जमेल का? दोन्हींचं थोडक्यात उत्तर देऊन पुढे जाऊ. सुरांमधला फरकच ऐकू येत नाही अशी माणसं असतात, पण फार थोडी. बाकीच्यांना दुसरा बेसूर झाला की लगेच कळतं. तोच सूर स्वतःच्या गळ्यातून नेमका काढता येत नाही, एवढंच. ते गळ्याच्या ताब्याचं काम आहे आणि ताबा सरावाने येतो. वयाप्रमाणे दमसास आणि गळ्याची चपळाई कमी होते हे खरं, पण तानांचा पाऊस पाडायचा नसेल तर त्यावाचून काही अडत नाही.

अडतं ते कुठे शिकायचं यावर. आपल्याकडे सहज सापडणाऱ्या वाटा चार: क्लास, ऑनलाइन शिकवणी, कराओके ग्रुप आणि भजनी मंडळ. लोक यांची तुलना फी आणि घरापासूनचं अंतर पाहून करतात. मी आधी एकच गोष्ट बघेन. आपला सूर सुटला की तिथल्या तिथे आपल्याला थांबवणारं कुणी आहे का?

क्लास आणि कराओके

खरी ओढाताण या दोघांत असते, कारण दोन्हीकडची पहिली तीन महिन्यांची चव अगदी उलटी आहे.

क्लासात सुरुवातीला गाणं मिळतच नाही. षड्ज, म्हणजे ‘सा’, लावायचा, धरून ठेवायचा, तो हलला की पुन्हा लावायचा. मग सारेग, रेगम, गमप असे पलटे, आधी सरगमने, मग आकारात, म्हणजे नुसतं ‘आ’ म्हणत. त्यानंतर बहुधा भूप किंवा दुर्गा. हे राग पहिले येतात त्याला कारण आहे. दोन्हींत पाचच स्वर आणि त्यांत अर्ध्या अंतराची एकही जोडी नाही. ग-म किंवा नी-सां यांसारखे खेटून बसलेले स्वर नवख्या गळ्यात एकमेकांत मिसळतात; भूपात ती भीती नाही. पुढे सरगमगीत, मग तीनतालातला छोटा ख्याल, म्हणजे रागातली छोटी बंदिश. जुनी हिंदी गाणी किंवा भावगीतं गायची म्हणून आलेला माणूस इथे कंटाळतो आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर परत येत नाही.

कराओकेत पहिल्याच संध्याकाळी अख्खं गाणं हातात पडतं. पुणे, ठाणे, नाशिक, नागपूर, कुठेही बघा, निवृत्त मंडळींचे ग्रुप छोटे हॉल घेऊन महिन्या-दोन महिन्यांनी कार्यक्रम करतात. माइकची भीती जाते, उचल कुठे घ्यायची ते कळतं, ओळ संपेपर्यंत श्वास पुरवावा लागतो. हे फायदे खरे आहेत आणि क्लासवाल्यांनी त्यांना नाकं मुरडू नयेत. क्लासात चार वर्षं काढूनही चार लोकांसमोर पाय लटपटणारे विद्यार्थी असतातच.

पण कराओकेत थांबवणारं कुणी नाही. ट्रॅक, म्हणजे साथीचं रेकॉर्डिंग, तुमच्यासाठी थांबत नाही, आणि मंडळी टाळ्या वाजवतात, कारण पुढचा नंबर त्यांचा असतो. वरून इको इतका सोडलेला असतो की कणसूर, म्हणजे किंचित बेसूर, लागलेला स्वर त्यात बुडून जातो. जपानमध्ये कोबे इथे दाइसुके इनोउए या वादकाने १९७१ मध्ये कराओकेचं यंत्र बनवलं ते हौशी गिऱ्हाइकांना साथ मिळावी म्हणून. शिकवणं हा त्याचा हेतूच नव्हता. आपणही त्याच्याकडून ती अपेक्षा धरू नये.

इथे कुणीतरी म्हणतंच, किशोरकुमार कुठे शिकला होता? शास्त्रीय तालीम नव्हती, कबूल. पण सैगलला कानात साठवत तो लहानपणापासून गातच होता. आपण चाळिशीपर्यंत बाथरूमच्या बाहेर गायलेलो नाही.

पट्टीचा घोळ

पट्टी म्हणजे आपला ‘सा’ पेटीच्या ज्या स्वरावर धरायचा तो. याबद्दल जाहिरातीत कुणी बोलत नाही, आणि नवख्याचा गळा सगळ्यात जास्त इथेच बिघडतो.

पेटीच्या पांढऱ्या-काळ्या पट्ट्या मोजून सांगायचं तर पुरुषांचा षड्ज साधारण पांढरी एक ते काळी दोनच्या आसपास बसतो, बायकांचा पांढरी पाच ते काळी पाचच्या. पन्नाशीनंतर बायकांचा आवाज थोडा खाली उतरतो, तेव्हा पांढरी चारही लागू शकते. आता मोठ्या क्लासात दहा-बारा जणांची एकच बॅच असेल तर बुवा पेटीवर एकच पट्टी धरणार. काळी एक धरली तर बायका मंद्रात, म्हणजे खालच्या सप्तकात, पुटपुटणार, काळी चार धरली तर पुरुष तार सप्तकात शिरा ताणणार. म्हणून क्लास ठरवताना फीच्या आधी विचारा: बॅचमध्ये किती जण, आणि स्त्री-पुरुषांना वेगळी पट्टी देता का? चार-पाच जणांची बॅच आणि प्रत्येकाला एकट्याने गायला लावणारे शिक्षक मिळाले तर थोडं लांब जावं लागलं तरी जा.

कराओकेत ट्रॅक मूळ गायकाच्या पट्टीत असतो आणि रफीची कित्येक गाणी सामान्य पुरुषाला झेपतील त्याहून वर जातात. ट्रॅक दोन-तीन स्वर खाली आणता येतो, बहुतेक अॅपमध्ये ती सोय असते. तरी ‘ओरिजिनल स्केललाच गातो’ याची एक वेगळीच ऐट असते. या ऐटीपायी गळे बसतात. तीन-चार आठवडे आवाज घोगरा राहिला तर हळद-दुधावर थांबू नका, कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा.

भजनी मंडळात पट्टी तुम्ही ठरवतच नाही. चाल म्हणणाऱ्याच्या गळ्यावर सगळं चालतं आणि वारकरी भजनात ती बरीच उंच असते. झेपत नसेल तिथे खालच्या सप्तकात म्हणा. कुणाचं लक्ष नसतं.

भजनी मंडळाला कमी लेखू नका

सुशिक्षित मंडळी तुलना करतात त्यात हा पर्याय नसतोच, आणि ते मला पटत नाही. एकट्याने तोंड उघडायची लाज वाटते त्याच्यासाठी याहून चांगली जागा नाही. पंधरा जणांत तुमचा आवाज मिसळून जातो. म्होरक्याने ओळ म्हणायची, मागच्यांनी उचलायची, या पद्धतीत कान आपोआप तयार होतो. हातात टाळ असतो, त्यामुळे आठ मात्रांचा भजनी ठेका आधी हातात बसतो, मग गळ्यात. क्लासात सहा महिने सम (तालाची पहिली मात्रा) चुकवणारे लोक इथे महिनाभरात लयीत येतात. दुपारच्या महिला मंडळांत पेटी-तबल्यावर गौळणी आणि अभंग बसवतात, स्पर्धाही होतात. आळंदीला जोग महाराजांनी १९१७ मध्ये वारकरी शिक्षण संस्था काढली, तिथून शिकून गेलेले मृदंगमणी आणि गायक गावोगावी आहेत. असा एखादा तुमच्या मंडळात असेल तर तुमचं नशीब.

उणीव तीच. एवढ्या गलक्यात तुमचा एकट्याचा सूर कुणी तपासत नाही. दहा वर्षं भजन म्हणूनही ‘नी’ खाली लावणारे असतात.

ऑनलाइन

आडगावी राहणाऱ्याला, किंवा न्यू जर्सी अन् दुबईतल्या मराठी माणसाला दुसरा इलाजच नसतो. चालतं, पण एक गोष्ट समजून घ्या. आवाज पोचायला किंचित उशीर लागतो, त्यामुळे गुरुजी आणि तुम्ही एकत्र गाऊ शकत नाही, आणि त्यांच्या तबल्यावर तुमची सम कधीच पडणार नाही. ते म्हणतील, मग तुम्ही म्हणाल, एवढंच. तानपुरा आणि ठेका तुमच्या बाजूला मोबाइलवर लावायचा. व्हिडिओ कॉलची गोंगाट गाळायची सोय बंद करून मूळ आवाज जाऊ द्या, नाहीतर ते सॉफ्टवेअर तानपुऱ्यालाच गोंगाट समजून गाळतं आणि तुमच्या लांबवलेल्या षड्जाचेही तुकडे करतं. स्वरांची तपासणी मात्र एकेकट्या ऑनलाइन शिकवणीत चांगली होते, कित्येकदा गर्दीच्या क्लासपेक्षा चांगली. आधीच रेकॉर्ड केलेल्या व्हिडिओंचे कोर्स यात मोजू नका. ते पुस्तकासारखे आहेत, उपयोगी, पण तुमचं ऐकत नाहीत.

मग कुणी काय निवडावं

नुसता आनंद आणि सोबत हवी असेल तर कराओके, आणि बिनधास्त. लाज मोठी अडचण असेल किंवा ताल अजिबात नसेल तर वर्षभर भजनी मंडळ. सुरात गायचंच अशी इच्छा असेल तर लहान बॅचचा क्लास, तो नसेल तर एकट्याची ऑनलाइन शिकवणी. शिक्षक शास्त्रीयवाले की सुगमवाले याने पहिल्या वर्षी फारसा फरक पडत नाही. एखादं भावगीत मधूनमधून द्यायला तयार असलेले शास्त्रीयवाले सगळ्यात उत्तम. तसं पहिल्याच दिवशी मोकळेपणाने विचारावं, चांगले शिक्षक रागावत नाहीत.

घरचा रियाज कुठल्याच वाटेने सुटत नाही. रोज वीस मिनिटं तानपुऱ्याच्या अॅपवर, सकाळी थोडा खर्ज (खालचे स्वर), मग पलटे, आणि आठवड्यातून एकदा स्वतःचं रेकॉर्डिंग ऐकणं. ते ऐकायला नको वाटतं. ऐकावंच.

राहिली परीक्षा. पुण्याचा भारत गायन समाज (१९११), कोल्हापूरचा देवल क्लब (१८८३) अशा जुन्या संस्था असोत की गल्लीतला क्लास, कधी ना कधी ‘प्रारंभिकला बसा’ असं कुणीतरी सुचवतंच. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा प्रारंभिकपासून प्रवेशिका, मध्यमा, विशारद असं करत अलंकारपर्यंत जातात आणि मोठ्यांनाही देता येतात. बाजूला दहा वर्षांची पोरं बसलेली असतात, त्याचं काही वाटून घेऊ नका. तारीख ठरली की रियाज होतो, या एका कारणासाठी प्रारंभिक द्यायला माझी हरकत नाही. पण पुढे लेखी पेपर सुरू होतात, रागांची यादी वाढते आणि एकेक राग धड मुरायच्या आत पुढचा येतो. नोकरी सांभाळून आठवड्याला दोन तास देणाऱ्याने प्रवेशिकेनंतर परीक्षा सोडून भूप आणि यमन हे दोनच राग वर्षभर गायले, तर त्याचं गाणं विशारदच्या मागे धावणाऱ्यापेक्षा ऐकायला बरं वाटेल.